आधी चांगल्या ओळी

माझा एकही फोटो आजवर चांगला आलेला नाही. लग्नातल्या फोटोत माझे डोळे मिटलेले आहेत, शाळेच्या निरोप समारंभातल्या फोटोत तोंडात पेढा आहे, आणि आधार कार्डावरचा फोटो बघून बँकेतल्या बाई एकदा माझ्याकडे आणि एकदा कार्डाकडे बघत बसल्या होत्या. त्यामुळे नाशिकहून माझ्या छातीचा फोटो 'चांगला आला' आणि घरात आनंदीआनंद झाला, तेव्हा मला तो जरा संशयास्पदच वाटला. सुनेनं शिरा केला. आमच्या ह्यांनी गल्लीभर फोन केले. एकटी मी तेवढी शिऱ्याची वाटी हातात धरून बसून राहिले, कारण रिपोर्ट मी वाचला होता. उभा जन्म मुलांचे पेपर तपासलेल्या बाईला 'दिसत नाही' आणि 'नाही' यांतला फरक कळतो.

आधीचं सांगते. फैजपूरच्या बाजूला एका गावात आमचं घर आहे. सासर केळीचं, माहेर पारोळ्याकडचं, कपाशीचं. शाळेत मराठी शिकवत होते, आता निवृत्त आहे. गुडघे फार दिवसांपासून कुरकुरत होते, म्हणून जळगावला जाऊन एक गुडघा बदलायचं ठरलं. भूल देण्याआधी छातीचा एक्स-रे काढतात तसा माझाही काढला. हाडांचे डॉक्टर तो उजेडासमोर धरून बराच वेळ बघत राहिले आणि गुडघ्याबद्दल एक अक्षर न बोलता म्हणाले, "तुम्ही आधी छातीच्या डॉक्टरांना भेटून या." करायला गेले गणपती आणि झाला मारुती. गुडघा अजून तसाच आहे. त्याचं दुखणं मी आता चालवून घेते. तो निदान दुखून सांगतो तरी.

छातीच्या डॉक्टर बाई निघाल्या. माझ्या मुलाच्या वयाच्या, बोलणं मोजकं, पण विचारलेलं टाळायच्या नाहीत. सीटी स्कॅन झाला. उजव्या फुप्फुसात, आतल्या बाजूला, लिंबाएवढी गाठ. मी जन्मात विडी ओढलेली नाही. सासरी आल्यावर कितीतरी वर्षं चूल मात्र फुंकली, आणि फुंकायच्या आधी श्वास आत घ्यावाच लागतो. डॉक्टर म्हणाल्या, कॅन्सरच असावा, पण लवकर सापडलाय असं दिसतंय, तेवढा भाग काढून टाकता येईल.

"एक गोष्ट मात्र आधी बघायला हवी," त्या म्हणाल्या. "छातीच्या मध्यभागी, श्वासनलिकेला लागून, बारीक बारीक गाठी असतात. त्या सगळ्यांनाच असतात, मलाही आहेत. आजार फुप्फुसातून बाहेर पडला की बहुधा आधी तिथं जाऊन बसतो. त्या स्वच्छ असतील तर सरळ ऑपरेशन, आणि बरं व्हायची चांगली आशा. तिथं तो पोचला असेल तर आधी औषधं. ऑपरेशन मग नंतर, जमलं तर."

जमलं तर. हे दोन शब्द त्यांनी हळूच टाकले, पण मी उचलले. गावात भांडण पेटलं की बायका पदर खोचून म्हणतात, "गाठ माझ्याशी आहे!" माझी गाठ कुणाशी पडली होती ते मला त्या दिवशी कळलं. सगळा प्रश्न त्या मधल्या गाठींचा होता. त्या स्वच्छ की नाहीत, एवढंच.

ते बघायला नाशिकला पाठवलं. तिथल्या स्कॅनमध्ये हाताच्या शिरेतून साखर सोडतात. साधी साखर नव्हे, किरणं सोडणारी. कॅन्सरच्या पेशी अधाशी असतात, त्या साखर जास्त ओढतात, आणि जिथं साखर जास्त साचते तिथं फोटोत चमक येते. सुई टोचून मला एका जाड दाराच्या खोलीत एकटीला बसवलं. बोलायचं नाही, हलायचं नाही, मोबाइल नाही, पोथी नाही. ती साखर माझ्या अंगात हिंडत होती, काहीतरी शोधत होती, आणि मी भिंतीकडे बघत मनात म्हणत होते, सापडू नको बाई, सापडू नको. घरी आल्यावर तो दिवस नातीला जवळ घ्यायचं नव्हतं. ती दारात उभी राहून रडत होती आणि मी माजघरात वेगळ्या सतरंजीवर. इतक्या वर्षांनी मी पुन्हा बाजूला बसले.

रिपोर्ट आला. फुप्फुसातली गाठ लख्ख चमकत होती. मधल्या गाठींत मात्र चमक 'दिसत नाही'. त्यावरून तो शिरा.

"साखर टाकली आन मुंग्या आल्याच नही," आमचे हे म्हणाले, "म्हंजे मुंग्या नहीच. सरळ हिसाब हाये."

माझ्या स्वयंपाकघरात मुंग्यांचा हिशेब इतका सरळ कधी नव्हता. रांग लागली की दिसते. पण रांग लागायच्या आधी एखादी मुंगी साखरेच्या डब्याच्या झाकणाखाली आलेली असतेच, आणि ती कुणाला दिसत नाही. हे मी बोलले नाही. सगळे हसत होते आणि शिरा गरम होता.

डॉक्टर नेमकं तेच बोलल्या, मुंग्यांचं नाव न घेता. "स्कॅन चांगला आहे, मलाही बरं वाटलं. पण तुमची गाठ मोठी आहे आणि मध्याच्या जवळ आहे. अशा वेळी स्कॅन स्वच्छ असून आत आजार निघालेला मी बघितलाय. थोड्याच पेशी असल्या तर चमक येत नाही. उलटंही होतं. जुन्या टीबीच्या गाठी चमकतात आणि आत कॅन्सर नसतोच. स्कॅन अंदाज सांगतो. खात्रीसाठी मला त्या गाठींना सुई लावून बघायचंय."

तोंडातून दुर्बीण श्वासनलिकेत घालायची, तिच्या टोकाला सोनोग्राफी असते, तिच्यात गाठ दिसली की आतूनच सुई टोचून पाणी-पेशी काढायच्या आणि काचेवर पसरून तपासायच्या. धुळ्याच्या एका मोठ्या दवाखान्यात ती सोय होती आणि या डॉक्टर आठवड्यातून एकदा तिथं जाऊन ते काम करायच्या.

"आणि न बघताच ऑपरेशन केलं तर?" मी विचारलं.

"कदाचित सगळं ठीक निघेल. पण मध्ये आजार असला, तर फुप्फुसाचा मोठा भाग काढूनही तो आतच राहील. आणि जखम भरेपर्यंत औषधं थांबतील."

ह्यांनी हातातली गाडीची किल्ली फिरवायची थांबवली. बाहेर आल्यावर पायऱ्यांवरच म्हणाले, "सुई नही."

या 'सुई नही'ला दोन मुळं होती. एक माझी सासू. तिच्या छातीला गाठ झाली होती, तपासायला सुई टोचली आणि महिनाभरात ती गेली. तिची गाठ सुई टोचायच्या आधीच काखेत उतरली होती, हाताला लागत होती, पण आमच्या घराण्यात ती गाठीनं गेलेली नाही, सुईनं गेलेली आहे. अख्ख्या तालुक्यात अशा सुईनं गेलेल्या बायका मिळतील. माणसं सुईपर्यंत उशिरा पोचतात आणि मग सुईलाच बोल लावतात.

दुसरं मूळ मात्र खोल होतं, आणि त्याला मी हसू शकत नव्हते. आमच्या बागेत एका वर्षी हरण्या रोग आला. केळीच्या पानावर पिवळे पट्टे पडतात, मधला कोवळा पोंगा सडतो, झाड वाढायचं थांबतं, घड धरत नाही. औषध नाही. झाड मुळासकट उपटून गाडायचं, एवढाच इलाज. त्या वर्षी मोठ्या झाडांच्या बुडाशी फुटलेली पिलं कापायला मजूर लावले होते. पुढं झाडं पिवळी पडायला लागली ती ओळीनं. हे बांधावर उभे राहून बघत राहिले आणि त्यांच्या लक्षात आलं, की ज्या वाटेनं तो एक मजूर विळा घेऊन चालत गेला होता, तीच ही ओळ. रोगट झाडाला लागलेला विळा पुसला नाही, धुतला नाही, तसाच पुढच्या झाडाला लावला. अर्धी बाग उपटली. शेती खात्याचा माणूस म्हणाला, हा रोग मावा किडीनं जास्त पसरतो, विळ्यानं कमी. ह्यांनी मान डोलावली आणि विळ्यालाच धरून राहिले.

तेव्हापासून आमच्या बागेत नियम आहे. औषधाच्या पाण्याची बादली सोबत हवी, दर झाडानंतर विळा बुडवायचा. आणि क्रम ठरलेला. आधी चांगल्या ओळी, मग मधल्या, आणि ज्या कोपऱ्याबद्दल शंका आहे तो सगळ्यात शेवटी. चांगल्याकडून वाईटाकडे जायचं, उलट कधी नाही. मध्येच कुठं पट्टा दिसला तर हात तिथंच थांबवायचा, विळे खाली ठेवायचे आणि घरी येऊन सांगायचं. त्यामुळे दुसऱ्या घरी मजूर लवकर परतले की मालक खूश होतो, आमच्याकडे ह्यांचं तोंड उतरतं.

असा माणूस माझ्या छातीत सुई फिरवू देईल कसा? एका गाठीत टोचायची, काढायची, दुसरीत टोचायची. ह्यांच्या डोळ्यांपुढं तो मजूर चालत होता. "चांगल्या गाठी हायेत असं मशीन सांगते," ते म्हणायचे, "मंग त्याहिले काहाले छेडायचं? झोपेल कुत्र्याले दगड मारायचा?"

माझ्या भावाला हे कळलं तसा तो पारोळ्याहून बसनं आला. माझ्याहून लहान, मला अक्का म्हणतो, पण बोलतो वडिलांच्या थाटात. पिशवीत हरभऱ्याचा पाला होता, आणि कागदात बांधलेली कपाशीची हिरवी बोंडं. पाणी प्यायच्या आधी त्यानं सुनेकडे स्टीलचं ताट मागितलं.

"दाजी, हाई बोंड देखा," तो ह्यांना म्हणाला. "वरतीन काही शे का? भोक नही, डाग नही. बठ्ठं हिरवंगार शे."

ह्यांनी हातात घेऊन फिरवून पाहिलं. "चांगलं तं हाये."

भावानं दाढेखाली धरून ते फोडलं आणि ताटात उघडलं. आत पांढरा ओला कापूस, लख्ख. आमचे हे मिशीत हसले. "कुठे हाये तुही बोंडअयी?"

"थांबा ना. इतली घाई काय शे?"

दुसरं फोडलं, तेही तसंच. नात टाळ्या पिटायला लागली. तिसऱ्याला भाऊ स्वतःच जरा बावरला होता. चौथं फोडलं आणि ताटात काहीतरी हललं. गुलाबी, मऊ, तान्ह्या बाळाच्या करंगळीच्या रंगाची अळी. कापसाच्या कुशीत वेटोळं करून बसलेली होती, उजेड लागला तशी तोंड फिरवायला लागली. नातीनं टाळ्या थांबवल्या.

"हाई वरतीन दिखनी व्हती का?" भाऊ म्हणाला. "आमनाकडे बाहेरतीन देखीसन ज्यानी फवारा मारा नही, त्यानं बठ्ठं वावर गयं. बोंड फोडाशिवाय कोनले समजस?"

आमचे हे ताटावर वाकले. मग म्हणाले, "आन फोडेल बोंडाचं काय करतो तू? राह्यते ते झाडावर?"

भाऊ ताटातली टरफलं एका बाजूला सारायला लागला.

"फेकून देतो ना? मंग माही बायको काय फेकायची हाये?"

आणि मग दोघांची जुंपली. एक म्हणे, विळ्याच्या पात्याला रोग लागून येतो. दुसरा म्हणे, न फोडता रोग आतल्या आत खातो. एक केळीचे दाखले काढी, दुसरा कपाशीचे. पोंगा, बोंड, पट्टे, अळी. सून दारात उभी, मुलगा मोबाइलवर काहीतरी वाचून मध्येच तिसरंच काही सांगतोय, आणि ती अळी ताटाच्या कडेनं सरकत चाललेली. माझ्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. छाती माझी होती.

मी ताट उचललं आणि अंगणात नेऊन आपटलं. कोंबड्या धावल्या. आत येऊन म्हणाले, "मी केळ नाही आणि कपाशीही नाही. मला जगायचंय. तुम्हाला दोघांना एकमेकांना हरवायचंय, आणि मला भीती वाटतेय. कुणी विचारलं का मला, की तुला भीती वाटते का म्हणून?"

वर्गात असं बोलले की शेवटच्या बाकापर्यंत शांतता व्हायची, तशी झाली. ह्यांनीच पाण्याचा तांब्या माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाले, "मॅडम, मले बी वाटते." मला मॅडम म्हणतात ते एरवी चिडवायला. त्या वेळी चिडवत नव्हते.

मग मी त्यांना पुन्हा जळगावला नेलं. म्हटलं, जे विचारायचंय ते डॉक्टरांना विचारा, माझ्यापुढं. ह्यांनी सगळं विचारलं. सासूबाईंचं सांगितलं, बागेचं सांगितलं, विळ्याचं सांगितलं. डॉक्टरांच्या खोलीबाहेर पेशंटची रांग होती, तरी त्यांनी पेन खाली ठेवून ऐकलं.

"काका, सुई टोचल्यानं हा आजार असा पसरत नाही," त्या म्हणाल्या. "त्याबद्दल निश्चिंत राहा. पण तुम्ही क्रमाचं म्हणालात ना, तो आम्हीही पाळतो." त्यांनी कागदावर श्वासनलिका काढली, खाली जाऊन तिला दोन फाटे फुटले. "काकूंची गाठ उजवीकडे आहे. म्हणून मी आधी डावीकडच्या गाठींना सुई लावणार, त्या आजारापासून सगळ्यात लांब. मग या मधल्या, फाट्याच्या बेचक्यातल्या. आणि सगळ्यात शेवटी उजवीकडच्या, आजाराला चिकटून असलेल्या."

आमचे हे खुर्चीत पुढं सरकले. "आधी चांगल्या ओळी?"

"हो. उलट गेलं आणि वाईट गाठीतल्या दोन पेशी सुईला लागून चांगल्या गाठीच्या काचेवर आल्या, तर चांगली गाठ वाईट ठरेल. आमचा निकाल चुकेल. या क्रमानं गेलं की जे सापडेल ते खरं."

"कोन्ही शिकोलं तुम्हाले हे?" ह्यांनी विचारलं. डॉक्टर हसल्या. मी त्यांना तेवढं एकदाच हसताना पाहिलं.

डॉक्टरांनी जे सांगितलं आणि ह्यांनी जे ऐकलं, त्यात फरक होता. त्या निकाल चुकू नये म्हणून क्रम पाळत होत्या, रोग पसरू नये म्हणून नव्हे. पण ह्यांना आपल्या बांधावरचं कुणीतरी भेटलं होतं. मी दुरुस्ती केली नाही. शिक्षकानं प्रत्येक चूक लाल शाईनं गोल करायची नसते.

उठता उठता डॉक्टरांनी एक सांगितलं. काचा तिथल्या तिथं तपासायला शेजारच्या खोलीत दुसऱ्या डॉक्टर बसलेल्या असतात. "सगळं स्वच्छ निघालं तर वेळ लागतो, एकेक गाठ बघत शेवटपर्यंत जावं लागतं. मधल्या गाठीत काही सापडलं तर मी पुढं टोचत बसत नाही. निर्णय तिथंच झालेला असतो."

"म्हंजे उशीर झाला तर बरं," हे म्हणाले.

"हो काका. उशीर झाला तर बरं."

धुळ्याला सकाळी निघालो. मी उपाशी. पारोळ्याला भाऊ गाडीत बसला, मांडीवर डबा. वहिनीनं माझ्यासाठी दिला होता, तपासणी झाल्यावर खायला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, वेचून झालेल्या, काळ्या, आणि त्यांच्यात राहिलेली फुटलेली बोंडं कोरड्या तोंडानं वाऱ्याला हलत होती. माझं माहेर मी त्या रंगात कधी पाहिलं नव्हतं. भावाला एकदा काहीतरी बोलावंसं वाटलं असावं, त्यानं तोंड उघडलं, ह्यांच्याकडे पाहिलं आणि मिटलं.

आत जाताना ह्यांनी माझ्या मंगळसूत्राची पुडी खिशात ठेवली आणि सांगितलं, "घाई करू नको." जणू काही माझ्या हातात होतं.

घशात कडू फवारा मारला. जीभ माझी राहिली नाही. शिरेतून काहीतरी दिलं, त्यानं झोप लागली नाही, पण मी माझ्यापासून थोडी लांब गेले. दुर्बीण आत गेली तेव्हा बुडतानाचा खोकला आला. कुणीतरी कपाळावर हात ठेवला. नंतर मला फक्त आवाज आठवतात. डॉक्टरांचा आवाज, शांत. "डावी, पहिली." मग टिचकीसारखा आवाज, पावलं, दार. बऱ्याच वेळानं दुसरा आवाज, बाईचाच, लांबून. "स्वच्छ आहे."

मला आठवतंय, मी त्या धुक्यातही मोजत होते. चांगली ओळ झाली. पुन्हा "डावी", पुन्हा पावलं, पुन्हा "स्वच्छ". मला वाटलं, उशीर होतोय, छान उशीर होतोय. बाहेर ह्यांना कळत असेल. असाच दिवस जाऊ दे, संध्याकाळ होऊ दे.

मग "मधली".

पावलं गेली. दार वाजलं. या वेळी आवाज आला नाही. कुणीतरी म्हणालं, "अजून एकदा द्या, तिथलीच." पुन्हा ती टिचकी, माझ्या छातीत खोल कुठंतरी, दुखली नाही. पुन्हा पावलं. त्यानंतर जी शांतता झाली तिच्यात मला यंत्राचा पंखा ऐकू येत होता. मग आमच्या डॉक्टर म्हणाल्या, "पुरे."

हा शब्द मी हजार वेळा वापरलेला आहे. तास संपला की, पोरं गोंगाट करायला लागली की. कुणी माझ्यासाठी वापरला नव्हता.

खाटेवर आणलं तेव्हा भाऊ आधी धावला. त्याचा चेहरा उजळलेला होता. "अक्का, लवकरच निघनी तू! दाजी, मी सांगेल व्हतं ना, काही नही निघाव!" जळगावच्या खोलीत तो नव्हता. उशीर झाला तर बरं, हे त्यानं ऐकलेलं नव्हतं. तो खाटेच्या कडेला बसून डब्याचं झाकण उघडायला लागला.

आमचे हे खाटेच्या पायथ्याशी उभे होते. दुसऱ्या घरी मजूर लवकर परतले की मालक खूश होतो.

"कोन्त्या गाठीवर थांबले?" त्यांनी विचारलं.

माझा घसा बधिर होता. मी बोट छातीच्या मध्यावर ठेवलं.

"उजवीकडे गेल्याच नही?"

मी मानेनंच नाही म्हटलं. भावाचा हात झाकणावर तसाच राहिला. त्यानं एकदा माझ्याकडे आणि एकदा ह्यांच्याकडे पाहिलं. "काय व्हयनं?" तो म्हणाला. "दाजी, काय व्हयनं?"

हे माझ्या उशाशी आले आणि वाकले. त्यांच्या सदऱ्याला बागेतल्या ओल्या मातीचा वास येत होता, म्हणजे सकाळी निघण्याआधी एक चक्कर मारून आले होते.

"मॅडम, क्रम बराबर व्हता ना?" ते अगदी हळू म्हणाले. "नीट आठवून सांग. आधी डावी, मंग मधली? का मधलीच्या आधी चुकून उजवी टोचली? सुईले लागून आलं आसंन."

मला त्या क्षणी खोटं बोलता आलं असतं. झोपेत होते, आठवत नाही, एवढं म्हटलं असतं तरी त्यांना घरापर्यंत पुरलं असतं. पण ज्या क्रमाच्या भरवशावर त्यांनी मला आत पाठवलं होतं, त्याच्याबद्दल त्यांच्याशी खोटं बोलायची मला लाज वाटली.

"डावीकडची आधी," मी म्हणाले. आवाज माझा नव्हता. "मी स्वतः ऐकलं. ती स्वच्छ होती. मग मधली. उजवी नाहीच."

ते सरळ झाले.

"मंग खरं हाये," ते म्हणाले.

थोड्या वेळानं डॉक्टर आल्या. डोक्यावर अजून हिरवी टोपी होती. ह्यांनी उठून त्यांना आपली खुर्ची दिली, आणि त्या काही बोलायच्या आधीच विचारलं, "औषधं कधीपासून?"